सुवर्णकणांची रांगोळी

सोन्याचा रंग कोणता, असा प्रश्न कोणी केला तर आमच्या वाचकभगिनींस हसू आल्यावाचून राहणार नाही. ज्या घरात पाटल्या, वाट्या आणि मोहनमाळ पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेल्या, त्या घरात हा प्रश्न विचारणे म्हणजे हळदीचा रंग विचारण्यासारखेच होय. तथापि आमच्या जुन्या नैयायिकांस हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राच्या अध्ययनातील पहिल्या पायरीचा ग्रंथ. त्यात सोन्याची गणना पृथ्वीत न करता तेजात केलेली आहे. तेजाचे स्वतःचे रूप म्हणजे झळझळीत शुभ्र. मग सोने पिवळे का दिसते? तर त्याच्याशी मिसळलेल्या पार्थिव भागामुळे, असे उत्तर शास्त्रकार देतात. म्हणजे पिवळेपणा हा सोन्याचा स्वतःचा नव्हेच, तो सोबतीचा!

आमची नात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकते. सुटीत ती घरी आली म्हणजे सायंकाळी दिवेलागणीनंतर तिला तर्कसंग्रहातील चार ओळी सांगाव्यात, असा आमचा परिपाठ आहे. हे सोन्याचे प्रकरण निघाले तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तांबडे सोने तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. २०२१ साली आपल्या घरी करोनाची तपासणी केली, तेव्हा त्या पट्टीवर तांबडी रेघ उमटली होती ना? ती बहुधा सोन्याचीच असणार. तसल्या पुष्कळ पट्ट्यांत सोनेच वापरतात."

आम्हांस ती थट्टा वाटली. त्या दिवशी घरातील लहानथोर मंडळी श्वास रोखून त्या बोटभर पट्टीकडे पाहत होती. एकच रेघ उमटो, दुसरी न उमटो, म्हणून देवाला साकडे घालीत होती. ती रेघ सोन्याची आहे असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. परंतु नातीने पुरावा दिला, आम्हीही पुस्तके चाळली, आणि अखेर तिचेच खरे ठरले. इतकेच नव्हे, तर आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस सांगत आलो तो न्यायशास्त्रातील एक नियमही त्या ओघात डळमळीत झाला. तो कसा, ते वाचकांपुढे मांडावे एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम मापाची गोष्ट. एका मिलिमीटरचे दहा लक्ष सारखे भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. तपासणीच्या पट्टीतील सोन्याचा कण सामान्यतः २० ते ४० नॅनोमीटर व्यासाचा. म्हणजे केसाच्या जाडीत असे दोन हजार कण एका ओळीत सहज बसतील. जवाहिऱ्याच्या दुकानातील भिंगाने तर तो दिसणार नाहीच, परंतु महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्याचा आकार उमगणार नाही.

असे कण पाण्यात तरंगत ठेवले म्हणजे ते पाणी माणकासारखे लालबुंद दिसते. हा चमत्कार शास्त्रीय दृष्टीने प्रथम तपासला तो विजेच्या शोधांमुळे आपणां सर्वांस परिचित असलेल्या मायकेल फॅरडे याने. १८५७ साली लंडन येथे त्याने सोने आणि प्रकाश यांच्या संबंधावर एक व्याख्यान दिले. सोन्याच्या क्षाराच्या अतिशय पातळ द्रावणावर स्फुरदाची क्रिया करून त्याने माणकाच्या रंगाचे द्रव तयार केले होते. या द्रवात सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत आहे, असे त्याने प्रतिपादन केले. कण तर दिसत नव्हते. परंतु भिंगाने एकवटलेला प्रकाश द्रवातून सोडला असता, कवडशात धूळ उजळावी तसा प्रकाशाचा मार्ग उजळून निघे. यावरून त्याने अनुमान बांधले. धुरावरून अग्नी ओळखावयाचा तो हाच प्रकार. त्याने तयार केलेल्या द्रवांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अद्याप जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांचा रंगही टिकून आहे.

हा रंग येतो कोठून? धातूच्या अंगी मोकळेपणाने फिरणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युत्कण, असतात. प्रकाश ही विद्युत्‌ व चुंबकीय स्पंदनांची लाट आहे. ही लाट सोन्याच्या कणावर आली म्हणजे कणातील साऱ्या विद्युत्कणांचा समुदाय एका बाजूस ढकलला जातो. दुसऱ्या बाजूस उरलेला धन विद्युत्‌भार त्याला परत ओढतो. आणि घंगाळातील पाणी हिंदकळावे तसा तो समुदाय हेलकावे घेऊ लागतो. माजघरातील झोपाळ्यास जसा त्याचा म्हणून एक ठराविक झोका असतो, आणि त्या तालावर पाय मारला तरच झोपाळा चढतो, तद्वत् या हेलकाव्यांचाही एक ठराविक ताल असतो. पंधरा-वीस नॅनोमीटरच्या सुवर्णकणाचा ताल हिरव्या प्रकाशाच्या तालाशी जुळतो. हिरवा प्रकाश कण गिळून टाकतो, आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांस तांबडा दिसतो. जर्मनीतील गुस्ताव मी या शास्त्रज्ञाने १९०८ साली या गोष्टीचे पूर्ण गणित मांडले.

येथवर कोणी म्हणेल, "ठीक आहे. मोठे सोने पिवळे, बारीक सोने तांबडे. यात नियम तो काय डळमळला?" थोडे थांबावे. खरी मौज पुढे आहे.

फॅरडेच्याच ध्यानात आले होते की, या तांबड्या द्रवात किंचित मीठ टाकले तर तो निळा पडतो. सोने तेवढेच, कणही तेच. मग रंग का पालटला? कारण असे की, हे कण पाण्यात असताना प्रत्येकाच्या अंगावर सजातीय विद्युत्‌भार असतो, आणि त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. मीठ पडले की हा दुरावा नाहीसा होतो आणि कण परस्परांस चिकटतात. जवळ आलेल्या दोन कणांत हेलकाव्याच्या वेळी एकाचा धन भाग दुसऱ्याच्या ऋण भागासमोर येतो. समोरचा शेजारी आपल्याकडे ओढीत असल्यामुळे विद्युत्कणांस स्वस्थानी परत आणणारी ओढ कमी पडते, आणि हेलकावा मंदावतो. मंद तालाचा प्रकाश म्हणजे नारिंगी व तांबडा. आता तो गिळला जातो, आणि द्रव जांभळा-निळा दिसू लागतो. दोन कणांमधील अंतर कणाच्या व्यासाहून बरेच अधिक असेल तोवर एकाला दुसऱ्याची दखल नसते. ते अंतर व्यासाहून कमी झाले की रंग पालटू लागतो, आणि जितके कमी तितका अधिक पालटतो.

या ठिकाणी विड्याचे उदाहरण कोणास आठवेल. पान हिरवे, चुना पांढरा, कात तपकिरी; परंतु विडा चघळला की तोंड लाल. देहात चैतन्य कसे उत्पन्न होते हे सांगताना चार्वाक विड्याच्या रंगाचाच दाखला देत, असे त्यांचे प्रतिपक्षी सांगतात. परंतु विड्यात रासायनिक क्रिया होऊन नवे द्रव्य निर्माण होते. येथे तसे काही घडत नाही. सोने सोनेच राहते. पालटते ते केवळ कणाकणांमधील अंतर.

आता, मिठामुळे जी कणांची गर्दी होते ती जत्रेतील गर्दी होय. कोण कोणास कोठे चिकटला याला धरबंध नाही, आणि एकदा चिकटलेले सहसा सुटत नाहीत. अशा गर्दीपासून रंगपालट मिळतो, पण हवा तो रंग मिळत नाही. हवे तेच अंतर, हवी तीच मांडणी साधावयाची तर कणांस ओळीने बसविले पाहिजे. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालताना आमच्या घरातील मुली प्रथम ठिपके मोजून मांडतात. ठिपका चुकला की पुढचे कमळ बिघडते. परंतु चिमटीत न येणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या कोट्यवधी ठिपक्यांची रांगोळी घालावी कोणी?

याचे उत्तर १९९६ साली अमेरिकेतील दोन निरनिराळ्या शास्त्रज्ञसमूहांनी एकाच वेळी दिले, आणि 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात ते प्रसिद्ध झाले. रांगोळी घालणारा हात त्यांनी उसना घेतला तो प्राणिमात्राच्या पेशींतून. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात ते ज्या द्रव्यामुळे, त्या डीएनएचा धागा चार अक्षरांनी लिहिलेला असतो. ही अक्षरे ए, टी, जी आणि सी. ए ची जोडी टी शी जमते, जी ची सी शी. अन्य कोणाशी नाही. समस्यापूर्तीच्या खेळात दिलेल्या चरणास जुळणारा चरण हुडकावा लागतो, तसे एका धाग्यावरील अक्षरक्रमास जुळणारा धागा मिळाला तरच दोहोंची वेणी गुंफली जाते. हवी ती अक्षरे लिहून असे आखूड धागे प्रयोगशाळेत तयार करता येतात. शिवाय त्यातील एका अक्षरजोडीपासून दुसरीपर्यंतचे अंतर ०.३४ नॅनोमीटर इतके निश्चित आहे. म्हणजे हा धागा बांधावयाची दोरीही होय आणि मोजावयाची पट्टीही होय.

त्यांपैकी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील चॅड मर्किन यांच्या समूहाचा प्रयोग सांगण्याजोगा आहे. गंधकाची सोन्याशी फार जवळीक. म्हणून धाग्याच्या एका टोकास गंधक जोडून तो १३ नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणांवर चिकटविला. एका पात्रातील कणांवर एक अक्षरक्रम, दुसऱ्या पात्रातील कणांवर दुसरा. हे दोन क्रम परस्परांशी जुळणारे नव्हते. त्यामुळे दोन्ही द्रव एकत्र ओतले तरी काहीही झाले नाही. द्रव तांबडा तो तांबडाच राहिला. नंतर त्यात तिसरा धागा घातला. त्याचे एक टोक पहिल्याशी जुळणारे, दुसरे टोक दुसऱ्याशी. घरोघर स्थळे सुचविणारा मध्यस्थ यावा आणि दोन अपरिचित कुळांचा संबंध जुळून यावा, तसे झाले. कण एकत्र आले आणि द्रव जांभळा झाला. मग तो तापविला. उष्णतेने वेणी उलगडते. त्यामुळे कण सुटे झाले आणि द्रव पुन्हा तांबडा! निवविला, पुन्हा जांभळा. मिठाने साधलेल्या गर्दीत आणि या संघटनेत हाच मोठा भेद. येथे जोडलेले सोडविता येते. बर्कली येथील पॉल अलिव्हिसाटोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अंकात, सोन्याचे दोन-दोन, तीन-तीन अतिसूक्ष्म कण डीएनएच्या धाग्यावर ठरविलेल्या अंतराने बसवून दाखविले.

तथापि जोडणे निराळे आणि रांगेत बसविणे निराळे. पहिल्या काही वर्षांत धाग्यांनी जोडलेले हे समूह बरेचसे अस्ताव्यस्तच होत. खरीखुरी शिस्त साधली ती २००८ साली. नॉर्थवेस्टर्न येथे आणि न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, पुन्हा दोन ठिकाणी एकाच वेळी, सुवर्णकणांचे स्फटिक तयार झाले. मिठाच्या किंवा साखरेच्या स्फटिकात जे स्थान अणूंचे किंवा रेणूंचे, ते येथे सबंध सुवर्णकणाचे. आणि १३ नॅनोमीटरच्या अशा एका कणात स्वतःचेच साठ-सत्तर हजार अणू असतात! नॉर्थवेस्टर्नच्या शास्त्रज्ञांनी तर कण तेच ठेवून केवळ धाग्यावरील अक्षरे बदलली. एका लिखाणाने परातीत लाडू रचावेत तशी मांडणी झाली. दुसऱ्याने खोलीच्या आठ कोपऱ्यांत आठ आणि मधोमध एक, अशी झाली. ब्रुकहेवनच्या स्फटिकात एकंदर जागेच्या शंभर भागांपैकी सुमारे चारच भाग कणांनी व्यापलेले होते. बाकी सारी जागा धाग्यांची आणि पाण्याची. रांगोळीतही ठिपक्याने जागा किती अडविलेली असते? तरीही आकृती उमटते.

ही शिस्त साधण्याची युक्ती प्रत्येक गृहिणीस परिचयाची आहे. धाग्यांची पकड प्रथमपासून घट्ट असली तर कण जेथे पहिल्याने अडकला तेथेच बसून राहतो, मग ती जागा चुकीची का असेना. म्हणून द्रव अशा बेताने ऊनऊन ठेवावयाचा की, वेणी पूर्णपणे उलगडू नये, परंतु एखादा सांधा सुटून पुन्हा जुळण्यास वाव राहावा. मग चुकीच्या जागी बसलेला कण सुटतो, हिंडतो आणि आपल्या योग्य जागी जाऊन बसतो. पाक घाईने थिजविला तर त्याचा गोळा होतो. सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नॉर्थवेस्टर्नच्या शास्त्रज्ञांनी हेच केले. द्रव कित्येक दिवस अतिशय मंदगतीने निवू दिला, आणि सुवर्णकणांचे बारा पैलूंचे रेखीव स्फटिक मिळविले.

मांडणीवर प्रकाशाची वागणूक कशी अवलंबून असते, याचे अधिक बोलके उदाहरण जर्मनीतील म्यूनिक येथील आहे. पॉल रॉथमुंड यांनी २००६ साली डीएनएच्या एका लांब धाग्यास अनेक आखूड धाग्यांनी टाके घालून, कागदाच्या घड्यांप्रमाणे हवी ती आकृती करण्याची रीत दाखविली होती. त्या रीतीने म्यूनिकच्या टिम लीडल यांच्या समूहाने इतर सहकाऱ्यांसह डीएनएची एक सूक्ष्म दांडी तयार केली आणि तिच्याभोवती १० नॅनोमीटरचे नऊ सुवर्णकण वेलासारखे चढत्या वळणाने बसविले. एका प्रकारात वळण डावे, दुसऱ्यात उजवे. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. देवघरातील शंख पाहा. डावा काय आणि उजवा काय, शंख तो शंखच. वजन तेच, द्रव्य तेच. तरी दक्षिणावर्ती शंखाचे मोल निराळे. त्याचप्रमाणे या दोन प्रकारच्या दांड्यांत सोने तेवढेच, कणांमधील अंतरेही तीच. परंतु ज्या प्रकाशाचे स्पंदन मळसूत्राप्रमाणे वळत पुढे जाते, असा प्रकाश त्यांवर सोडला असता, डाव्या वळणाची दांडी एका वळणाचा प्रकाश अधिक शोषते आणि उजव्या वळणाची दुसऱ्या. एकट्या गोल कणास डावे-उजवे ते काय असणार? हा गुण नऊ जणांच्या उभे राहण्यातून आला.

या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. आमच्या घरच्या त्या पट्टीत कणांची रांगोळी नव्हती. तेथे सुटे कण प्रतिद्रव्यांस जोडलेले असतात आणि विवक्षित रेघेवर ती प्रतिद्रव्ये अडकली म्हणजे कण साचून रेघ तांबडी दिसते, इतकेच. परंतु जोडणीवरून परीक्षा करण्याची कल्पनाही फार मागे नाही. मध्यस्थ धाग्याच्या जागी रोगजंतूच्या डीएनएचा तुकडा असेल तरच कण जुळतील आणि रंग पालटेल. यावरून जंतू ओळखता येईल, हे १९९७ सालीच दाखविण्यात आले.

दुसरा उपयोग आपल्या देशाशी जोडलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास लावलेला शोध सर्वांस ठाऊक आहे. पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशातील अत्यल्प अंशाचा रंग किंचित पालटतो, आणि त्या पालटावरून पदार्थ कोणता हे ओळखता येते. परंतु हा प्रकाश इतका क्षीण असतो की, थोडक्या पदार्थाची ओळख पटविणे कठीण. दोन सुवर्णकण किंवा रौप्यकण अगदी जवळ असले म्हणजे त्यांच्या मधल्या फटीत प्रकाशाचे बळ अतोनात वाढते, आणि त्या फटीत सापडलेल्या रेणूचा रामन प्रकाश लाखो पटींनी प्रखर होतो. मात्र फट ठरावीक मापाची असली पाहिजे. काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही, असे झाले तर मोजमापास अर्थ राहत नाही. म्हणून मांडणीचा एवढा अट्टाहास.

आणि पुण्याचाही यात वाटा आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००४ साली सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात चक्क गवती चहाचा अर्क घालून सोन्याचे अतिसूक्ष्म, पातळ त्रिकोण तयार केले. प्रथम गोल कण होतात, ते एकत्र येतात आणि परस्परांत मुरून त्रिकोण बनतात, असे त्यांस आढळले. हे त्रिकोण दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडील, उष्णता वाहणाऱ्या किरणांस मोठ्या प्रमाणात शोषतात. आपण ज्या गवताचा काढा सर्दीपडशावर घेतो, त्यानेच हे काम केले हे वाचून आमच्या घरातील मंडळींस मोठे कौतुक वाटले.

हे सर्व प्रयोगशाळेत साधले असले तरी कोट्यवधी कणांची निर्दोष मांडणी मोठ्या प्रमाणावर व स्वस्तात करणे अजून अवघड आहे, हेही सांगितले पाहिजे. डीएनएचे धागे महाग पडतात, आणि ते पाण्यात व विशिष्ट क्षारांच्या सान्निध्यातच नीट वागतात. दुकानात उद्या काय मिळेल, याचा हवाला आम्ही देऊ इच्छीत नाही.

येथे आणखी एका मोहापासून वाचकांस सावध करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. सुवर्णभस्मात सोन्याचे अत्यंत सूक्ष्म कण आढळतात, तेव्हा हे सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते, असे म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांसही क्षणभर झाला. परंतु लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचेचा पेला आहे. बाहेरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो, आतून दिवा लावला तर तांबडा. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे सत्तर नॅनोमीटरच्या आसपासचे कण आढळले आहेत. मग रोमन कारागिरासही हे शास्त्र अवगत होते म्हणावयाचे काय? त्याच्या हाती कसब होते. कारण त्याला ठाऊक नव्हते. ज्या कसबाचे कारण ठाऊक नसते ते शिकविता येत नाही, सुधारता येत नाही, आणि कारागिराबरोबर लोपते. पूर्वजांचा खरा अभिमान बाळगावयाचा तर तो त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा बाळगावा. पिवळेपणा सोन्याचा स्वतःचा की सोबतीचा, असे विचारणारा मनुष्य आम्हांस कमी योग्यतेचा वाटत नाही, जरी त्याचे उत्तर आज टिकत नसले तरी.

आता डळमळलेल्या नियमाकडे वळू. तर्कसंग्रहात कारणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वस्त्राचे समवायी कारण तंतू. असमवायी कारण त्या तंतूंचा संयोग. निमित्तकारण मागासारखी साधने. आणि वस्त्राच्या रंगाचे असमवायी कारण? तंतूंचा रंग. पांढऱ्या सुताचे वस्त्र पांढरे, तांबड्या सुताचे तांबडे. अवयवांचा रंग तोच समुदायाच्या रंगाचे कारण, हे आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिले आणि मुलांकडून घोकून घेतले. परंतु येथे तांबड्या कणांपासून जांभळा समुदाय झाला. कण सुटे केले तर तोच समुदाय पुन्हा तांबडा. अवयवांचा रंग तसाच असता समुदायाचा रंग पालटतो, तो केवळ संयोग पालटल्यामुळे. म्हणजे रंगाच्या कारणांत संयोगाचीही गणना केली पाहिजे. नियमास व्यभिचार दिसला की नियम सुधारावयाचा, हेही न्यायशास्त्रच शिकविते.

आम्ही हे नातीजवळ कबूल केले. तिच्या वहीत आम्ही सांगितलेला नियम होता. त्याखाली तिने आमच्या संमतीने एक ओळ जोडली. जन्मभर दुसऱ्याच्या वहीवर तांबड्या शाईने खुणा करणाऱ्याच्या नियमावर अशी खूण व्हावी, याचे प्रथम थोडे वाईट वाटले. नंतर बरे वाटले. ती म्हणाली, "आजोबा, तुमचा नियम अगदीच खोटा नाही. कण दूर दूर असतात तोवर तो खराच आहे." तिचे म्हणणे योग्य आहे. परंतु वस्तू असोत वा माणसे, दूर दूर राहून कोणाचे चालले आहे? एका घरात दहा माणसे नांदतात तेव्हाही प्रत्येकाचा स्वभाव तोच असतो. घराला रंग येतो तो कोण कोणापासून किती अंतरावर आणि कोणत्या धाग्याने बांधलेला आहे, यावरून. मिठाच्या गर्दीप्रमाणे एकमेकांस चिकटून गोळा झालेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि सुटून विखुरलेलीही पाहिली आहेत. सांधा चुकला तर सोडवून पुन्हा जुळविण्याइतकी ऊब ज्यांत होती, ती टिकली. असो.

ज्यांस हे सारे पुस्तकी वाटेल त्यांच्यासाठी घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगून पुरे करतो. देवघरात मोरपीस असतेच. त्यातील झडलेले दोन-चार निळे तंतू घेऊन लहान खलात चांगले घोटावेत. निळा रंग नाहीसा होऊन तपकिरी-काळी पूड उरते. पिसात निळे असे द्रव्यच नसते. काळसर द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या ठराविक अंतराने जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि त्या जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून निळाई उमटते. तेथील क्रिया सुवर्णकणांतील हेलकाव्यांहून निराळी आहे, हे खरे. परंतु रचना मोडली की रंग गेला, ही गोष्ट दोहींकडे सारखीच. मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा. मात्र सबंध पीस घोटू नये. रचना मोडावयास क्षण पुरतो, ती पुन्हा उभारावयास मोरच लागतो.